संघटनेची वर्गणी : उत्पन्नातून वजावट की करात थेट सूट?

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील कामगाराला कामगार संघटनेच्या एकाच वर्गणीवर दोन वेगळ्या पद्धतींनी करसवलत मिळते. केंद्रीय विवरणपत्रात वार्षिक वर्गणी उत्पन्नातूनच वजा होते. प्रवेश शुल्क मात्र त्यात धरले जात नाही. प्रांतिक विवरणपत्रात वर्गणीच्या 10 टक्के रक्कम थेट करातून कमी होते.

वर्गणी 1,000 डॉलर धरली, तर प्रांतिक सूट सर्वांना सारखीच, म्हणजे 100 डॉलर मिळते. केंद्रीय वजावटीचे मोल मात्र उत्पन्नाबरोबर वाढत जाते: 2026 च्या 14 टक्क्यांच्या सर्वात खालच्या टप्प्यातील कामगाराचे, क्वेबेकवासीयांना केंद्रीय करात मिळणारी 16.5 टक्क्यांची कपात हिशेबात घेता, सुमारे 117 डॉलर वाचतात, तर 33 टक्क्यांच्या टप्प्यातील सदस्याचे सुमारे 275. समान वर्गणी भरणाऱ्यांत असा भेद मला अन्यायकारक वाटतो.

तरीही 2015 पूर्वी 20 टक्के असलेली प्रांतिक सूट निम्म्यावर आल्याने, अगदी अल्प वेतनाच्या करदात्यालाही आज वजावटच थोडी अधिक देते. करच लागू नसलेल्या कामगाराचा मात्र दोन्हींतून काहीच कर वाचत नाही, आणि प्रांतिक सुटीची उरलेली रक्कमही रोख परत केली जात नाही.