फूटपाथवरच्या नाश्त्यासाठी २० लिटरचा गरम डबा

बेघरांना सकाळी नाश्ता वाटणाऱ्या गटांनी दुहेरी भिंतीचा स्टीलचा डबा जरूर घ्यावा, पण त्यात पोहे भरू नयेत. वाफेचं पाणी झाकणावरून ठिबकतं आणि तासाभरात वरचा थर लगदा होतो. उपमा मात्र छान टिकतो. घरी १ किलो रव्याला साडेतीन लिटर पाणी पुरतं, इथे साडेचार घाला, कारण डब्यात तो घट्ट होत जातो. साडेतीन किलो रव्यात डबा जवळपास भरतो आणि पाव किलोच्या सुमारे ७० प्लेटी निघतात. दात नसलेल्या आजी-आजोबांनाही असा सैलसर उपमा सहज खाता येतो, आणि ही फार मोठी गोष्ट आहे.

भरण्याआधी उकळतं पाणी ओतून झाकण लावा, १० मिनिटांनी पाणी काढा, मगच उपमा भरा. थंड स्टील पहिल्याच फटक्यात उष्णता खातं. अर्धा डबा भरला तर तो लवकर निवतो; माणसं कमी असतील तर १० लिटरचाच न्या.

खरी कमजोरी झाकणाच्या रबराची. खाचेत रवा अडकून आंबतो आणि पुढच्या खेपेला वास येतो. रबर दर वेळी काढून, धुऊन, वाळवूनच बसवा. सुटं रबर मिळत नसेल तर तो डबा घेऊ नका. कड्याही तपासा: भरलेला डबा २० किलोच्या वर जातो, उचलायला दोघं हवेतच.