सरकारी संस्थेचा खरेदी विभाग : पुरवठादाराच्या बाजूने अभिप्राय

प्रयोगशाळांना काचसामान आणि रसायनं पुरवण्याचा आमचा धंदा. गिऱ्हाईक बहुतेक सरकारी संशोधन संस्था. त्यांतल्या पुण्यातल्या एका संस्थेच्या खरेदी विभागाबद्दल लिहितेय. नाव देत नाही, कारण पुढच्या टेंडरला कोटेशन तिथेच भरायचंय.

पाचपैकी चार तारे.

इथलं स्पेसिफिकेशन वाचून ते कोणाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय याचा पत्ता लागत नाही. माझ्याकडून याहून मोठी शाबासकी नाही. इतर काही ठिकाणी एका कंपनीच्या कॅटलॉगचं पान मिलिमीटरसकट उतरवलेलं असतं आणि बाकीच्यांनी कोटेशन द्यायचं ते फक्त तीन कोटेशनांचा आकडा भरायला. इथे मोजमापाचा फ्लास्क हवा असेल तर 'बोरोसिलिकेट ३.३, क्लास ए, बॅच सर्टिफिकेटसह' एवढंच लिहितात. कंपनी कुठलीही चालते. त्यातला 'क्लास ए' फार मोलाचा. १०० मिलिच्या क्लास ए फ्लास्कला ०.१ मिलि इकडेतिकडे चालतं, क्लास बी-ला त्याच्या दुप्पट. तेवढं लिहायचं राहिलं की एल-वन, म्हणजे सगळ्यांत कमी दराचा, बी-वालाच येणार, आणि मग लॅबवाले बोंबलणार की परचेसने स्वस्तातला माल माथी मारला.

एका टेंडरमध्ये ते खरंच राहिलं होतं. टेंडर भरण्याआधीच्या प्री-बिड मीटिंगमध्ये मी विचारलं, तर शुद्धिपत्रक निघालं, मुदत वाढली, आणि माझा प्रश्न उत्तरासकट सगळ्यांना दिसेल असा टाकला गेला. उत्तर माझ्या एकटीच्या कानात सांगितलं असतं तर मला आवडलंच असतं, खोटं कशाला बोलू! पण मग शेजारच्या दुकानदाराच्या कानातही कधीतरी काहीतरी सांगितलं गेलं असतं. लिफाफेही नीट उघडतात : आधी तांत्रिक, आणि त्यात जे टिकले त्यांचेच दर. हरलो तर का हरलो ते विचारल्यावर लेखी मिळतं.

जून २०२५मध्ये केंद्राने वैज्ञानिक संस्थांचे खरेदीचे नियम सैल केले. कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा १ लाखाची २ लाख झाली, आणि वैज्ञानिक साहित्य जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलच्या बाहेरून घ्यायची मुभा संचालकांना मिळाली. शास्त्रज्ञ खूश, आणि त्यांचं बरोबरच आहे. एका एन्झाइमसाठी महिनोन्‌महिने कोण थांबेल? मला मात्र धास्ती होती की आता ओळखीच्या दुकानाची चांदी. या विभागाने तरी दोन-चार ठिकाणी भाव विचारायची सवय सोडलेली नाही.

आता कापलेला तारा. पैसे उशिरा येतात. माल स्टोअर्सला पोचतो, चलनावर शिक्का बसतो, आणि पुढे बिल अडकतं ते इन्स्पेक्शनच्या सहीसाठी. सही करायची इंडेंट, म्हणजे मालाची मागणी, टाकणाऱ्या शास्त्रज्ञाने, आणि साहेब परिषदेला. लेखा विभाग म्हणतो स्टोअर्सला विचारा, स्टोअर्स म्हणतं लॅबला विचारा. लघुउद्योगांना ४५ दिवसांत पैसे देण्याचं कायद्यात आहे, पण ते माल बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना. आम्ही पडलो ट्रेडर. २०२१पासून आम्हालाही 'उद्यम' ही लघुउद्योगांची सरकारी नोंदणी मिळते खरी, पण तिचा उपयोग बँकेच्या कर्जापुरता. ईएमडी, म्हणजे टेंडरची अनामत, माफ नाही, लघुउद्योगांसाठीच्या २५ टक्के राखीव खरेदीत वाटा नाही, आणि थकबाकीची तक्रारही त्या कायद्याखाली करता येत नाही. हा दोष विभागाचा नाही, मान्य. सहीसाठी फायली फिरवणं मात्र त्यांचंच.

नव्याने माल द्यायला जाणार असाल तर चलनावर इंडेंट नंबरसोबत लॅबचं नावही घाला. आणि टेम्पो भरण्याआधी फोन करून तो शास्त्रज्ञ गावात आहे ना, ते विचारा.