दापोलीच्या वाडीतला स्विमिंग पूल: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

दापोली तालुक्यातल्या आमच्या वाडीत जमिनीत बांधलेला पूल गेल्या पौषात भरला. त्यानंतर आंब्याचा सीझन झाला, मुलांची मे महिन्याची सुट्टी झाली आणि चार महिने पाऊसही झाला. कोकणात घर किंवा होमस्टे असलेली बरीच मंडळी हल्ली पूलचा विचार करतात, पण त्यांच्या हाती येणारी माहिती बहुतेक पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमधली असते. ती इथे अर्धीच उपयोगी पडते. माझं मत आधीच सांगून टाकतो: कोकणात पूलच्या आतल्या पाण्यापेक्षा बाहेरच्या पाण्याचा विचार जास्त करावा लागतो, आणि पैसेही त्याच हिशेबाने बाजूला काढावे लागतात.

जागा आम्हाला निसर्ग चक्रीवादळाने मोकळी करून दिली. 3 जून 2020 ला ते श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं आणि दापोली-मंडणगडच्या बागा त्याने आडव्या केल्या. आमच्या वाडीत मधोमध माड-पोफळी गेल्या त्या जागी पुन्हा लागवड करावी की नाही यावर घरात बरेच दिवस चर्चा चालली. शेवटी कडेने रोपं लावली आणि मधली जागा पूलला दिली. माप 10 मीटर बाय 4 मीटर, खोली एका टोकाला 90 सेंटिमीटर, दुसऱ्या टोकाला दीड मीटर. म्हणजे साधारण 48,000 लिटर पाणी. सूर मारण्याइतकी खोली मुद्दामच ठेवली नाही. पोहायला आणि डुंबायला एवढी पुरते.

समुद्राच्या भरतीरेषेपासून 500 मीटरच्या आत जमीन असेल तर खड्डा मारायच्या आधी सीआरझेडचा, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचा, नकाशा बघा. 2019 च्या अधिसूचनेप्रमाणे तुमची जागा कुठल्या वर्गात येते त्यावर सगळं ठरतं. आमची वाडी आत, डोंगराच्या पायथ्याशी आहे, त्यामुळे तो प्रश्न आला नाही.

खरा प्रश्न विचारला तो गावातल्या जुन्या गवंड्यांनी. त्यांना आम्ही तात्या म्हणतो. शहरातून आलेला कॉन्ट्रॅक्टर लॅपटॉपवर थ्रीडी चित्रं दाखवत होता आणि तात्या पडवीत बसून ऐकत होते. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "बावीला पावसात पाणी कुठवर येतं ते बघा आधी, मग खड्डा मारा."

हा एक प्रश्न साऱ्या थ्रीडी चित्रांपेक्षा मोलाचा आहे. आमच्याकडे वर तांबडी माती, खाली जांभा आणि त्याखाली शेडी. जांभा सच्छिद्र, पाणी त्यातून सरळ खाली उतरतं. शेडी चिकण, ती पाणी अडवते. मग जुलै-ऑगस्टमध्ये ते पाणी शेडीवरून वाहत येतं आणि पायथ्याला जागोजागी उमाळे फुटतात. अशा जमिनीत पूल म्हणजे पाण्यात बसवलेली आरसीसीची पेटी. आमच्या पेटीचं नुसतं वजन, पाणी न भरता, ढोबळ हिशेबाने 45 टन. बाहेरून माप धरलं तर तळ साधारण 46 चौरस मीटर. बाहेरचं पाणी तळाच्या वर एक मीटर चढलं की ते 46 टनांनी वर ढकलतं. म्हणजे रिकामा पूल उचलला जायला तेवढं पाणी पुरे. भरलेल्या पूलला हा धोका नाही, कारण आतलं 48 टन पाणी त्याला दाबून ठेवतं.

म्हणून तळाखाली खडीचा थर, चारी बाजूंनी भोकं पाडलेला पाइप आणि त्या पाइपचं तोंड उतारावरून खालच्या पऱ्ह्यात (ओढ्यात) सोडलेलं, एवढं काम आधी झालं. सगळ्यात खोल जागी हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह बसवला, म्हणजे बाहेरचा दाब वाढला तर तो उघडतो आणि पाणी आत येतं, पण पेटी जागची हलत नाही. शिवाय पूलशेजारी एक उभा पाइप तळापर्यंत नेऊन ठेवलाय. त्यात दोरीला दगड बांधून सोडला की बाहेरचं पाणी कुठवर आलंय ते कळतं. जुलैतल्या एका झडीत मी दगड सोडला तेव्हा दोरी तळाच्या पातळीपासून जवळजवळ दोन फूट भिजून वर आली. निचऱ्याचा पाइप खाली धो धो वाहत असतानाची ही गोष्ट. तो पाइप नसता तर पाणी कुठवर चढलं असतं याचा अंदाज तुम्हीच करा. नेमक्या त्याच आठवड्यात कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाचा फोन आला की पावसात गिऱ्हाईक नसतं, पूल रिकामा करून आतून घासून देतो. मी स्पष्ट नाही म्हणालो. कोकणात जून ते ऑक्टोबर पूल रिकामा करायचा नाही, कोणी कितीही स्वस्तात साफ करून दिला तरी.

बांधकामाबद्दल फार लांबण लावत नाही. समुद्राच्या हवेत काँक्रीट ताकदीला एम-30 दर्जाच्या खाली नको आणि सळईवर 45 मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, हवं; आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकात किनारी हवेसाठी हेच दिलंय. टाइल्स लावायच्या आधी पूल भरून सात दिवस तसाच ठेवायचा. पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवून बादलीतली आणि पूलमधली पातळी रोज ताडून बघितली की वाफेने गेलं किती आणि गळालं किती हे वेगळं कळतं. टाइल्सच्या दरजा इपॉक्सी ग्राउटच्याच भरा. पावसाचं पाणी मऊ असतं, ते साध्या सिमेंटच्या दरजा खात जातं.

पहिल्यांदा पूल बोअरच्या पाण्याने भरला. संध्याकाळी पाणी काचेसारखं होतं, तळाच्या टाइल्स मोजता येत होत्या. रात्री क्लोरीन टाकलं आणि सकाळी बघतो तर सगळा पूल कोऱ्या चहाच्या रंगाचा. घरात सगळे घाबरले, पण कारण सरळ आहे. जांभ्याच्या जमिनीतल्या बोअरला विरघळलेलं लोह असू शकतं, क्लोरीनशी गाठ पडली की ते गंजाच्या रूपात बाहेर पडतं. फिल्टर रात्रंदिवस चालवला, मध्ये मध्ये बॅकवॉश केला, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुतला, मग पाणी निवळलं. बोअरचं पाणी वापरणार असाल तर आधी लोहाची तपासणी करून घ्या. शक्य असेल तर आमच्यासारखं यापुढे पावसाच्या पाण्यावर या: 100 चौरस मीटर छपरावर 600 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला 80 टक्के पन्हळीत आला, तरी 48,000 लिटर होतात. इथे तेवढा पाऊस जुलै उजाडेपर्यंत सहसा होऊन जातो. पहिल्या सरींचं पाणी मात्र सोडून द्या, त्यात छपरावरचा सगळा पालापाचोळा आणि शेण-माती असते.

आता पाऊस आणि रसायनं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आमच्या पूलची सरासरी खोली 1.2 मीटर. म्हणजे चार महिन्यांत पूलमध्ये त्याच्या स्वतःच्या दुपटीहून जास्त पाणी आकाशातून पडतं आणि तेवढंच बाहेर जातं. ओव्हरफ्लोचा पाइप चार इंची घेतला ते बरं झालं. आम्ही सॉल्ट क्लोरिनेटर बसवलाय, म्हणजे मिठाच्या पाण्यातून विजेवर क्लोरीन बनवणारं यंत्र. त्याला लिटरमागे साधारण साडेतीन ग्रॅम मीठ लागतं, आमच्या पूलला 170 किलोच्या आसपास. समुद्राच्या दहाव्या भागाइतकं खारट, तोंडात गेलं तर जेमतेम कळतं, डोळे चुरचुरत नाहीत. उन्हाळ्यात मला ही पद्धत फार आवडली. पण पावसाळ्यात त्यात मीठ टाकणं म्हणजे पऱ्ह्याला मीठ घालणं. शिवाय लाइट गेली की क्लोरीन बनणं बंद, आणि आमच्याकडे झडीत लाइट कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही. म्हणून मृगापासून क्लोरिनेटरचा क्लोरीन बनवणारा सेल बंद ठेवला आणि द्रवरूप क्लोरीनवर चालवलं. पीएच 7.2 ते 7.6 आणि मोकळं क्लोरीन 1 ते 3 पीपीएम (दहा लाखात इतके भाग) एवढं सांभाळायचं. पावसाने अल्कलिनिटी, म्हणजे पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची ताकद, सतत खाली येते, ती 80 ते 120 मध्ये ठेवायला साधा खाण्याचा सोडा चालतो. आमच्या पूलला 800 ग्रॅम टाकला की 10 पीपीएमने वर येते. किटने पाणी तपासणं दहा मिनिटांचं काम आहे, पण पावसात ते एक दिवसाआड करावंच लागतं. एकदा शेवाळ धरलं की आठवडा जातो. क्लोरीन आणि ॲसिड एका फळीवर कधीही ठेवू नका, एकाच बंद खोलीतही नको. दोन्ही एकत्र आली तर विषारी वायू होतो.

हे खारट पाणी बाहेर सोडायचं कुठे, हा वाडीवाल्यांचा खास प्रश्न. माड खारं सोसतो. पोफळ, जायफळ, मिरवेल सोसत नाहीत. त्यामुळे बॅकवॉशचं पाणी एका खड्ड्यात मुरवतो आणि त्या खड्ड्याच्या आसपास फक्त माड आहेत. हे आराखड्यातच ठरवून घ्या. पाइप पुरल्यावर दिशा बदलायची तर सगळं पुन्हा उकरावं लागतं.

सगळ्यात जास्त समाधान दिलं ते पाण्यातल्या ओट्याने. उथळ टोकाला फूटभर पाण्याखाली रुंद ओटा बांधून घेतला. आईला गुडघ्यांमुळे शिडी चढता-उतरता येत नाही. ती रुंद पायऱ्यांवरून कठड्याला धरून ओट्यावर येते आणि काष्टा घालून पाय लांब करून बसते. नातवंडं तिच्या आजूबाजूला. कॉन्ट्रॅक्टरच्या चित्रात समुद्राच्या बाजूला इन्फिनिटी एज, म्हणजे पाणी वरून सांडत राहणारी कड, होती. त्याला सांडलेलं पाणी धरणारी वेगळी बॅलन्सिंग टाकी, पंप सतत चालू आणि वाऱ्याने उडणारं पाणी, एवढं लागतं. ती काढून त्या पैशांत ओटा, पायऱ्या आणि निचरा केला. पुन्हा बांधला तरी हेच करीन.

कडेची फरशी फिकट रंगाची, फ्लेम केलेल्या, म्हणजे आगीने खरखरीत केलेल्या, ग्रॅनाइटची आहे. एप्रिलच्या दुपारी अनवाणी चालता येतं. काळा कडप्पा तेव्हा पाय भाजतो, आणि घोटीव दगड पावसात शेवाळून घसरतो. चिऱ्याची हौस असेल तर गडग्याला आणि बसायच्या कट्ट्याला वापरा, पाण्याच्या काठाला नको, तांबडी भुकटी आत येते. फरशीचा उतार पूलपासून बाहेर असलाच पाहिजे, नाहीतर पहिल्याच पावसात वाडीची माती पाण्यात.

तक्रार एकच आणि ती मोठी आहे. शिडी आणि कठडा "एसएसचे" (स्टेनलेस स्टीलचे) म्हणून दिले ते 304 ग्रेडचे निघाले. होळीपर्यंत जोडांवर तपकिरी ठिपके आले. समुद्राच्या हवेत 316 च लागतं. पुरवठादार म्हणाला की पॉलिश करा. पॉलिशने ठिपके जातात आणि महिन्याभरात परत येतात. शेवटी कठडा स्वखर्चाने 316 मध्ये बदलला. बिलावर ग्रेड लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

सुरक्षेत काटकसर करू नका, एवढं हात जोडून सांगतो. चारी बाजूंनी चार फुटी कुंपण, आपोआप मिटणारं फाटक, तळाला एकमेकांपासून लांब दोन ड्रेन म्हणजे एकावर मूल अडकलं तरी सगळी ओढ तिथेच येत नाही. पाण्यातले दिवे 12 व्होल्टचे आणि पंपाच्या लाइनवर 30 मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच. कुंपणामुळे फोटो बिघडतो असं पाहुणे म्हणतात. बिघडू दे.

खर्चाचं रोजचं गणित: एक एचपीचा पंप आठ तास चालतो, दिवसाला सहा युनिट. मे महिन्यात वाफेने दिवसाला अर्धा सेंटिमीटर पातळी उतरते, म्हणजे 200 लिटर. गावात टँकर यायला लागले असताना पूलमध्ये पाणी सोडणं मला पटत नाही, म्हणून एप्रिलपासून वापर संपला की ताडपत्रीसारखं कव्हर ओढतो. त्याने वाफ बरीच कमी होते, मोहोर आणि पोफळीचा फुलोराही आत पडत नाही. कव्हरखाली बेडूक अडकतात, तेवढ्यासाठी कोपऱ्यात एक खडबडीत फळी तिरकी सोडून ठेवलीय.

पुढच्या आगोटीच्या आधी दोन कामं उरली आहेत. पंपखोलीला पश्चिमेकडून झड लागते, तिथे पडळ घालायचं आहे. आणि छपराच्या पाण्यासाठी 10,000 लिटरची साठवण टाकी बांधायची आहे, म्हणजे मे महिन्यातली तूट विहिरीवर न पडता तिच्यातून भरता येईल. टाकीची जागा तात्यांनी दाखवून ठेवलीय, विहिरीच्या वरच्या अंगाला.