मोठ्या अक्षरांचे पवित्र शास्त्र: छपाई उत्तम, सूची अपुरी

घरातील वडीलधाऱ्यांसाठी मोठ्या अक्षरांतील मराठी पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, प्रत आम्ही गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर कोल्हापुरातील एका पुस्तकविक्रेत्याकडून घेतली आणि पंचगंगेचे पाणी चढत असताना ती रोज संध्याकाळी घरात मोठ्याने वाचली गेली. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी, हे आकडे येथे शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. २०१९ आणि २०२१ चे महापूर ज्यांनी पाहिले, त्यांना पावसाची झड लागली की पाणी किती फुटांवर आले, याखेरीज दुसरे काही सुचत नाही. अशा वेळी पुस्तक उघडणाऱ्याच्या हाती चटकन काय लागते, यावरच या प्रतीची पारख व्हावी, असे मला वाटते.

अक्षर ठसठशीत आहे. वीज गेल्यावर सासूबाईंनी बॅटरीच्या उजेडात स्तोत्रसंहिता (शास्त्रातला स्तोत्रांचा ग्रंथ) अडखळल्याशिवाय वाचली, हे प्रमाणपत्र पुरेसे आहे. कागद मात्र इतका पातळ आहे की मागच्या पानाची शाई पुढे दिसते, आणि रेक्झिनच्या वेष्टनाची चेन महिन्याभरातच अडकू लागली.

माझी खरी तक्रार शेवटच्या पानांवरील, कोणत्या प्रसंगी काय वाचावे, या सूचीविषयी आहे. ‘भय’ या शीर्षकाखाली २३, ४६, ९१ आणि १२१ ही स्तोत्रे दिली आहेत. ती हवीतच, आणि पाणी गर्जो, डोंगर डळमळोत, तरी देव आश्रय आहे असे सांगणारे ४६ वे स्तोत्र नदीकाठच्या माणसाला वेगळे समजावून द्यावे लागत नाही. परंतु गळ्यापर्यंत पाणी आले, पाय ठेवायला जागा नाही, अशा आक्रोशाने सुरू होणारे ६९ वे स्तोत्र या सूचीत नाही. ‘किती काळ’ असे देवालाच पुन्हा पुन्हा विचारणारे १३ वे नाही, आणि अंधारातच संपणारे ८८ वे तर नाहीच. ज्याला भीती वाटते, त्याने ती देवापुढे बोलून दाखवावी, याची मुभा शास्त्रानेच दिलेली आहे. ती सूचीकाराने परस्पर काढून घेतली, तर घाबरलेला श्रद्धावंत आपल्याच विश्वासात काही खोट आहे असे समजून आणखी खचतो.

‘भविष्याची चिंता’ या शीर्षकाखाली यिर्मया या संदेष्ट्याच्या ग्रंथातील २९ व्या अध्यायातील केवळ ११ वे वचन आहे. (भिंतीवरच्या कॅलेंडरांचेही हे लाडके वचन.) देवाचे संकल्प हिताचे आहेत, हे आश्वासन बाबेलात (बॅबिलोनमध्ये) नेलेल्या यहुदी बंदिवानांना लिहिलेल्या पत्रातले असून त्याच्या आधीच्याच वचनात ७० वर्षांची मुदत सांगितली आहे. त्यामागच्या २८ व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सर्व पूर्ववत होईल असे सांगून लोकांना खूश करतो, आणि तो खोटा ठरतो. यिर्मया मात्र घरे बांधा, बागा लावा, त्या परक्या नगराच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असे सांगतो. ख्रिस्ती आशा ही या दुसऱ्या जातीची आहे; नव्या करारातील रोमकरांस पत्राच्या ५ व्या अध्यायातही संकटातून धीर, धीरातून शील आणि शीलातून आशा, असाच क्रम आहे. संपूर्ण अध्यायाचा निर्देश केला असता, तर एका ओळीची जागाही जास्त लागली नसती.

आम्ही पेन्सिलीने १३, ६९, ८८ आणि यिर्मया २८-२९ असे समासात लिहून घेतले आहे. अक्षरांसाठी ही प्रत जरूर घ्यावी, मात्र अंथरुणावर पडून वाचणाऱ्यास तिचे वजन पेलणार नाही. त्यांच्यासाठी याच ठशातील नवा करार व स्तोत्रसंहिता एवढेच असलेली प्रत मिळते का, हे दुकानात आधी विचारावे, आणि चेनचे वेष्टन मिळाले तरी पावसाळ्यात ती प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर ठेवावी.