क्वीन मेरी २ वर साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क, जाऊन-येऊन : घड्याळाचं आधी सांगते

जहाज किती मोठं, जेवण कसं, यावर भरपूर लोकांनी लिहिलंय, मी फक्त वेळेबद्दल लिहितेय कारण आम्ही जहाज निवडलं ते त्याच कारणासाठी. आम्ही दोघं नाशिकच्या इंदिरानगरचे, मी ६३ ची, हे ६८ चे, मुलगा अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. ह्यांना पंधरा वर्षांपासून डायबिटीस. आधी दोनदा विमानाने गेलो तेव्हा उन्हाळ्यातला साडेनऊ तासांचा फरक एका फटक्यात अंगावर आला, पहिला आठवडा रात्री दोनला टक्क जागे आणि दुपारी जेवता जेवता डोळे मिटायचे, गोळ्या कुठल्या वेळेला घ्यायच्या कळेना आणि ह्यांची शुगर नुसती वरखाली. म्हणून या वेळी मुंबई-लंडन विमान, तीन दिवस तिथे मुक्काम आणि पुढे सात रात्री जहाज असं ठरवलं. ब्रिटन आणि अमेरिका दोन्ही व्हिसे लागतात, ते वेळेत करा.

मला भूगोलाची आवड (शाळेत ३० वर्षं शिकवला) म्हणून निघायच्या आधी नकाशा काढून बसले तर एक मजेची गोष्ट दिसली. आपलं नाशिक ग्रीनिचच्या पूर्वेला पावणेचौऱ्याहत्तर अंशांच्या आसपास आणि न्यूयॉर्क पश्चिमेला ७४, म्हणजे लंडन जवळजवळ बरोब्बर मधोमध! एका अंशाला ४ मिनिटं, १५ अंशाला एक तास. आता आपलं भारताचं घड्याळ साडेब्याऐंशी अंशावर लावलेलं, त्यामुळे नाशिकचा सूर्य घड्याळापेक्षा साधारण ३५ मिनिटं मागे चालतो, म्हणजे गंगेवर (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो) घड्याळात बारा वाजले तरी सूर्य डोक्यावर यायला अजून अर्धा तास असतो. सांगायचा मुद्दा, घड्याळ माणसांनी ठरवलेलं असतं पण शरीर उजेड बघतं, आणि जहाजावर हे जितकं स्पष्ट कळतं तितकं विमानात कळत नाही.

जाताना पश्चिमेकडे. सातपैकी पाच रात्री, रात्री दोन वाजता घड्याळ एक तास मागे, म्हणजे पाच दिवस प्रत्येकी २५ तासांचे. आदल्या संध्याकाळी केबिनमध्ये दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रमाचा कागद येतो त्यावर लिहिलेलं असतं. इतकं छान वाटतं हो! रोज एक तास जास्तीची झोप, कसलीच ओढाताण नाही. माणसाच्या आतलं घड्याळ मुळात २४ तासांपेक्षा थोडंसं लांब असतं त्यामुळे दिवस ताणला तर शरीर पटकन ऐकतं, आखडला तर कुरकुरतं. आम्ही संध्याकाळी मुद्दाम डेकवर उजेडात फिरायचो, त्याने झोप आपोआप पुढे सरकायची. न्यूयॉर्कला पहाटे धक्क्याला लागलो आणि त्याच रात्री दोघंही दहाला झोपून सहाला उठलो, मुलाचा विश्वास बसेना.

आता तक्रार, ती जहाजाची नाही, नाशिकमधल्या ज्या ट्रॅव्हल एजंटकडून बुकिंग केलं त्यांची आहे. मी दोनदा विचारलं होतं की दादा वेळ बदलते तेव्हा काय करायचं, तर म्हणाले, ताई काही करायचं नाही, मोबाईल आपोआप बदलतो. नाही बदलत! समुद्रात टॉवर कुठला? आणि जहाजाच्या सॅटेलाईट नेटवर्कचं रोमिंग बिल नको म्हणून फोन फ्लाईट मोडवर, मग तो जुनीच वेळ धरून बसतो. घड्याळ पहिल्यांदा बदललं त्या सकाळी फोनमध्ये आठ बघून ह्यांनी जेवणाआधीची गोळी घेतली, खाली डायनिंग रूमला गेलो तर दार बंद, जहाजाच्या वेळेने सातच वाजले होते. ह्यांच्या हाताला घाम, बोलणं जड. पर्समध्ये राजगिऱ्याचा लाडू होता म्हणून निभावलं, पण त्या पंधरा मिनिटांत मी जी घाबरले ते मलाच माहीत. एजंटने एका वाक्यात सांगितलं असतं तर ही वेळ आली नसती. त्या दिवसापासून ह्यांच्या चावीच्या एचएमटीत जहाजाची वेळ आणि माझ्या फोनमध्ये आपोआपचं सेटिंग बंद करून नाशिकची वेळ, घरी फोन करायला बरं पडतं कारण फरक रोज बदलतो, साडेचार, मग साडेपाच, शेवटी साडेनऊ.

गोळ्यांचं आमच्या डॉक्टरांनी निघण्याआधी कागदावर लिहून दिलं होतं, रोज एकच तास सरकतोय तर जहाजाच्या वेळेप्रमाणे घ्या, आणि गोळी ताट समोर आल्यावरच. ते दुसरं वाक्य आम्ही त्या सकाळी पाळलं नाही. इन्सुलिन असेल तर तुमच्या डॉक्टरांना दाखवूनच ठरवा, आमचं बघून नको.

येताना जुलैमध्ये पूर्वेकडे, हेच जहाज, तेच जेवण, तरी अनुभव वेगळा. पाच दिवस २३ तासांचे. इथे एक गोष्ट फार विचारपूर्वक केलीय, घड्याळ रात्री पुढे करत नाहीत तर दुपारी बाराला करतात. भोंगा होतो, कॅप्टन स्पीकरवरून जहाज कुठे आहे ते सांगतात आणि बाराचे एकदम एक! रात्रीची झोप कापली जात नाही हे खरं, पण नाश्ता पचला नाही तोवर जेवणाची वेळ, आणि रात्री अकरा वाजले तरी डोळ्यात झोपेचा पत्ता नाही. चौथ्या दिवसापासून आम्ही सकाळी उठल्या उठल्या डेकवर जायला लागलो, दुपारचा चहा बंद केला, त्याने बराच फरक पडला. तरी विमानापेक्षा शंभरपट बरं. आणि मग लंडन-मुंबई विमानात उरलेले साडेचार तास एकदम गेलेच, कसारा घाट चढताना हे गाडीत गाढ झोपलेले आणि पुढचे चार दिवस इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर पहाटेच्या ऐवजी नऊला.

जहाजाला माझ्याकडून पाचपैकी पाच, एजंटला दोन, ते पण व्हिसाची कागदपत्रं नीट केली म्हणून. बजेट किंवा सुट्टी एकाच बाजूच्या जहाजाला पुरत असेल तर जाताना जहाज आणि येताना विमान घ्या, एकेरी बुकिंग मिळतं, एजंट स्वतःहून सांगत नाहीत, विचारावं लागतं.