टेम्प्लेट्स सेटिंगच्या फोल्डरमध्ये कशाला? लिबरऑफिस रायटर आठ महिने वापरल्यावर

रायटरमध्ये काय आहे आणि काय नाही हे सगळ्यांना माहीत आहे, त्यावर शब्द खर्च करत नाही. फुकट आहे, लिनक्सवर छान चालतं आणि एका लिहिण्याच्या ॲपसाठी दरवर्षी वर्गणी भरायची माझी तयारी नाही. तो निर्णय आजही बरोबर वाटतो. मला बोलायचंय ते एकाच गोष्टीबद्दल: टेम्प्लेट्स, म्हणजे मांडणी आधीच ठरवून ठेवलेले कागदांचे नमुने, ठेवायची जागा.

पाचव्या महिन्यात लॅपटॉपची डिस्क कुरकुरायला लागली. दुरुस्तीवाल्याने नवी बसवली आणि जुनीवरचा डेटा उतरवून दिला. डॉक्युमेंट्स, फोटो, डेस्कटॉप, सगळं जागच्या जागी होतं. दुसऱ्या दिवशी पत्र लिहायला बसले, टेम्प्लेट निवडायला कंट्रोल-शिफ्ट-एन दाबलं, तर टेम्प्लेटच्या खिडकीत माझं असं काहीच नाही. चौदा टेम्प्लेट्स गेली होती आणि जुनी डिस्क तोवर पुसलेली होती. मी खूप भांडले. तो एकच सांगत राहिला, "मॅडम, जे दिसत होतं ते सगळं दिलंय." राग शांत झाल्यावर मान्य करावं लागलं की त्याचं म्हणणं खरं होतं.

कारण लिनक्सवर रायटर आपली टेम्प्लेट्स होम (म्हणजे आपल्या सगळ्या फाइल्सचा मुख्य फोल्डर) मधल्या डॉट-कॉन्फिग या लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवतो. त्यात लिबरऑफिस, त्यात ४, त्यात युजर, त्यात टेम्प्लेट. (२०२४ पासून आवृत्त्यांना २४.२ असे वर्षावरून क्रमांक मिळतात, पण हा फोल्डर अजून ४च आहे.) विंडोजवर तो ॲपडेटामध्ये, म्हणजे तोही लपलेला. फ्लॅटपॅकने (लिनक्सवर ॲप बसवायची एक पद्धत) बसवलं असेल तर डॉट-व्हारमध्ये, आणखी खोल.

आता टेम्प्लेट म्हणजे काय ते बघा. रायटर देवनागरीचा फॉन्ट रोमनपेक्षा वेगळा धरतो. त्यामुळे प्रत्येक स्टाइलमध्ये (मथळा, मजकूर वगैरेंची ठरवलेली मांडणी) दोन फॉन्ट, दोन आकार, भाषा मराठी, वेलांट्या-उकार वरखालच्या ओळीला टेकणार नाहीत इतकं अंतर, हे सगळं एकदा हाताने बसवावं लागतं. अहवालाच्या टेम्प्लेटवर माझे तीन रविवार गेले होते. ते माझं काम आहे, ॲपची सेटिंग नव्हे. टूलबारवर कोणती बटणं दिसावीत ही सेटिंग. ती हरवली तर दहा मिनिटांत परत होते. शिवाय रायटर बिघडला की पहिला सल्ला मिळतो तो युजर प्रोफाइलचं, म्हणजे वरच्या त्या युजर फोल्डरचं, नाव बदलून नवं तयार होऊ देण्याचा. टेम्प्लेट्स त्याच प्रोफाइलमध्ये! सल्ला पाळणाऱ्याला पुढचा धक्का बसणारच.

चौदापैकी नऊ मी परत मिळवली. टेम्प्लेटवरून केलेल्या कागदात सगळ्या स्टाइल्स राहतातच. जुनं पत्र उघडायचं, मजकूर पुसायचा, पुन्हा टेम्प्लेट म्हणून सेव्ह करायचं. उरलेल्या पाचांवरून केलेला एकही कागद माझ्याकडे नव्हता.

तेव्हा मी ठरवलं की ॲपच्या भानगडीत पडायचंच नाही. लिनक्सवर होममध्ये टेम्प्लेट्स नावाचा एक उघडा फोल्डर असतो. त्यात कोरा नमुना ठेवला की नोम फाइल्स या लिनक्सच्या फाइल मॅनेजरमध्ये राइट-क्लिक केल्यावर नवीन डॉक्युमेंटच्या यादीत तो दिसतो. फोल्डर रिकामा असेल तर तो पर्यायच दिसत नाही, म्हणून मला इतके महिने हे कळलंच नव्हतं. उलट निरुपयोगी समजून मी तो फोल्डर काढून टाकला होता, आणि मग पुढच्या लॉगिनला त्याचा पाथ (फोल्डरचा पत्ता) थेट होमवर जातो. डॉट-कॉन्फिगमधल्या युजर-डर्स फाइलमध्ये हाताने लिहून तो परत आणला. दोन महिने मी सगळ्यांना हेच सांगत होते की हा एकच खरा मार्ग.

ते मत आता बदललंय. फाइल मॅनेजर फक्त नक्कल करतो. तिथे ओटीटी (रायटरची टेम्प्लेट फाइल) ठेवली तर नक्कलही ओटीटीच होते, म्हणून साधी ओडीटी (रायटरची नेहमीची फाइल) ठेवावी लागते. आणि साध्या नकलेचा मूळ नमुन्याशी संबंध राहत नाही. रायटरच्या टेम्प्लेटवरून केलेला कागद मात्र मूळ टेम्प्लेट बदललं की उघडताना विचारतो, स्टाइल्स अद्ययावत करू का. मथळ्याचा फॉन्ट बदलल्यावर अहवालाची सहा प्रकरणं एकेक करून दुरुस्त करावी लागली, तेव्हा या एका प्रश्नाची किंमत कळली. (तिथे "जुन्या स्टाइल्स ठेवा" म्हणालात तर तो पुन्हा विचारत नाही, जपून.)

मग उपाय रायटरमध्येच सापडला. टूल्स, ऑप्शन्स, पाथ्स, टेम्प्लेट्स, तिथे आपला फोल्डर जोडता येतो. मी डॉक्युमेंट्समध्ये एक केला. आतल्या सबफोल्डरांची नावं टेम्प्लेटच्या खिडकीत वर्ग म्हणून येतात. आता माझा रोजचा बॅकअप त्यांनाही उचलतो. म्हणजे सोय होतीच. मग ती मूळ सेटिंग का नाही?

वर्डने २०१३ मध्ये स्वतःची टेम्प्लेट्स डॉक्युमेंट्समधल्या कस्टम ऑफिस टेम्प्लेट्स या फोल्डरमध्ये ठेवायची प्रथा सुरू केली. जागा अगदी योग्य. पण त्याच आवृत्तीत ऑप्शन्समध्ये पाथ भरेपर्यंत ती दाखवणारा टॅबच येत नव्हता, समोर ऑनलाइन टेम्प्लेट्स मांडलेली. मला सगळ्यात पटते ती मॅकची पद्धत: फाइलच्या माहितीत "स्टेशनरी पॅड" अशी खूण करायची, मग फाइल कुठेही असो, उघडली की नक्कल मिळते. ही कल्पना १९८३ च्या ॲपल लिसामधली, तिथे कागदाच्या पॅडवर डबल-क्लिक केलं की वरचा कागद फाडून मिळायचा.

रायटरच्या टेम्प्लेट खिडकीत यादी करून पाहिली तर नाव, वर्ग, ॲप, बदलल्याची तारीख आणि आकार असे रकाने दिसतात. फाइल कुठे आहे हे सांगणारा रकाना नाही. तो एक असता तर मी पहिल्याच आठवड्यात डॉट-कॉन्फिग वाचलं असतं आणि ती पाच टेम्प्लेट्स आज माझ्याकडे असती.