नव्या स्प्रिंगचे पैसे घेतले, जुन्यालाच रंग दिला

पुढून बसलेली, म्हणजे उंची कमी झालेली गाडी दुरुस्तीला दिली. गॅरेजच्या बिलावर ओळी अशा होत्या: पुढची कॉइल स्प्रिंग दोन नग, शॉकअप माउंटिंग दोन नग, बेअरिंग दोन नग, काढ-घाल मजुरी, अलाइनमेंट. गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक. ताब्यात मिळाली तेव्हा सरळ उभी होती. काही आठवड्यांत डावीकडे पुन्हा बसली आणि पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढून ‘कट्ट’ असा आवाज यायला लागला.

चाक काढल्यावर स्प्रिंग काळी कुळकुळीत दिसत होती. सर्वांत खालच्या वेढ्यावर स्क्रूड्रायव्हर घासला तर रंगाचा पोपडा निघाला आणि खाली नख अडकेल एवढा गंजाचा खड्डा. खालच्या वेढ्यावर जी रबरी नळी असते, तिच्यावरही तोच काळा रंग. कारखान्यातून आलेल्या स्प्रिंगवर असं कधीच नसतं, कारण तिथे आधी लेप चढतो आणि रबर नंतर बसवतात. डाव्या स्प्रिंगचं खालचं टोक तुटलेलं होतं, आणि तुटलेल्या तोंडावरही रंग होता. रंग मारणाऱ्याला ती तुटलेली दिसली होती, हे त्याहून स्पष्ट कशाने होणार? शिवाय दोन वेढ्यांच्या मध्ये कडक रबराचा बफर ठोकून बसवला होता. गाडी उचललेली दिसावी एवढ्यासाठीच.

ही फसवणूक इतकी सहज चालते याचं कारण हा बफर. बसलेली गाडी त्याने लगेच वर येते, मालक समोरून बघतो, समाधानाने पैसे देतो. पण बफर ज्या दोन वेढ्यांच्या मध्ये बसतो तिथला भाग, म्हणजे साधारण एक वेढा, काम करायचा थांबतो. सहा चालू वेढ्यांपैकी एक बंद पडला तर स्प्रिंग 20 टक्के ताठ होते आणि उरलेल्या पाच वेढ्यांना प्रत्येक खड्ड्यात जास्त पिळावं लागतं. आधीच गंजलेली तार त्यात तुटते. बफरच्या खोबणीत पाणी आणि चिखल साठून राहतो, म्हणजे नवा गंज. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा या खाऱ्या हवेच्या पट्ट्यात तर स्प्रिंगचा खालचा वेढा तसाही आधी जातो: स्प्रिंग ज्या वाटीत टेकते तिच्यात कचरा साठतो, खडी लागून लेप उडतो, तिथे गंजाचा खड्डा पडतो आणि चीर तिथूनच सुरू होते. तुटलेलं टोक टायरकडे सरकलं तर टायरची बाजू कापली जाते. एवढा धोका झाकून वर मजुरी घेणं याला माफी नाही.

पैसे देण्याआधी पाच मिनिटं काढा. बॉनेट उघडा आणि शॉकअपच्या वरचे नट बघा. बहुतेक गाड्यांना दोन किंवा तीन असतात. त्यांवर जुनी धूळ जशीच्या तशी असेल, पान्याचा एकही ओरखडा नसेल, तर खालचं काही उघडलेलंच नाही, मग बिल कितीही लांब असो. नंतर स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा आणि मोबाइलच्या टॉर्चने आत पाहा. ब्रेकच्या नळीवर, शॉकअपच्या दांड्यावरच्या रबरी आवरणावर (बुटावर), वाटीवर रंगाचे शिंतोडे असतील तर स्प्रिंग जागेवरच रंगवली आहे. नव्या स्प्रिंगवर साधारण एक-दोन रंगीत ठिपके किंवा पट्टे आणि भाग क्रमांकाची चिठ्ठी असते. ठिपके उजव्या-डाव्या बाजूला सारखे हवेत.

टेप हा यातला सर्वांत खरा साक्षीदार. गाडी टाकण्याआधी आणि घेताना, सपाट फरशीवर, टायरमध्ये सारखी हवा असताना, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही बाजूंना मोजून लिहून ठेवा. चाकाच्या मध्यापासून मोजायचं, जमिनीपासून नाही, म्हणजे टायरची झीज मध्ये येत नाही. नवी जोडी बसली की दोन्ही बाजूंचं माप जवळपास सारखं येतं. पुढे एका बाजूला सेंटिमीटरहून जास्त फरक उरला तर प्रश्न विचारायलाच हवा. शिवाय जुन्या स्प्रिंगवर आधीच ऑइल पेंटने खूण करा, फोटो काढा आणि जॉबकार्डावर लिहून घ्या: ‘जुने भाग परत देणे’. हे लिहिताना ज्याच्या कपाळाला आठी पडते, त्याच्याकडे गाडी सोडू नका.

शॉकअप ‘लीक’ असल्याचं दाखवून जास्तीचं काम काढणारेही आहेत. बाहेरून ओतलेलं तेल बुटाच्या वर, वाटीवर, अगदी स्प्रिंगवरही लागलेलं असतं आणि स्वच्छ चमकतं. खरी गळती दांड्याच्या सीलपासून खाली ओघळते आणि धूळ धरून काळ्या चिकट थरासारखी दिसते. फडक्याने कोरडं पुसा, दोन-तीन दिवस गाडी चालवा, पुन्हा बघा. खरी गळती असेल तर परत दिसेलच. तेवढ्यासाठी ‘आत्ताच बदला, नाहीतर चाक निघेल’ असं घाबरवणाऱ्याचं ऐकायचं कारण नाही.

अशी फसगत झाली की बरेच जण ठरवतात, आता आपणच करू. काम घरी होण्यासारखं आहे, पण नेमकी इथे दुसरी फसवणूक टपलेली असते, डुप्लिकेट स्प्रिंगची आणि नकली हत्याराची. पहिल्या फसवणुकीत पैसे जातात, या दुसरीत हात जाऊ शकतो.

आधी स्प्रिंग. तिचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. 12 मिलिमीटरच्या जागी 11 मिलिमीटरची तार वापरली, तर डोळ्यांना फरक कळत नाही, पण ताठपणा जवळपास 30 टक्क्यांनी कमी होतो. त्यामुळे व्हर्नियर कॅलिपर घेऊन दुकानात जा. तारेची जाडी, वेढ्यांची संख्या, बाहेरचा व्यास हे सगळं जुन्या स्प्रिंगशी ताडून पाहा. मोकळी उंची मात्र जुनीशी जुळवू नका, ती बसलेली असते. नव्या दोन्ही स्प्रिंग टेबलावर शेजारी उभ्या करा, उंची सारखी हवी. एकाच मॉडेलच्या पेट्रोल, डिझेल आणि सीएनजी गाडीच्या स्प्रिंग वेगळ्या असू शकतात: डिझेल इंजिन पुढे जड, सीएनजीची टाकी मागे जड. ‘सगळ्यांना हीच बसते’ हे वाक्य ऐकलं की दुकान बदला. भाग क्रमांक चॅसी नंबरवरून काढून घ्या. पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि ग्राहक संपर्क छापलेला हवा. आवेष्टित वस्तूंच्या 2011 च्या नियमांप्रमाणे तो असायलाच लागतो. जुन्या बाजारातली ‘इम्पोर्टेड’ स्प्रिंग, वेढा कापून किंवा गॅसने तापवून उंची कमी केलेली स्प्रिंग, कितीही स्वस्त मिळाली तरी नको. तापवलेल्या पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं, ती तार बसते नाहीतर तुटते. आणि स्प्रिंग नेहमी जोडीनेच बदला.

आता कॉम्प्रेसर, म्हणजे स्प्रिंग दाबायचं हत्यार. चाक हवेत लटकत असतानाही शॉकअपवरची स्प्रिंग मोकळी नसते. वरच्या माउंटिंग (शॉकअप बॉडीला जोडणारा भाग) आणि खालच्या वाटीच्या मध्ये ती दाबूनच बसवलेली असते. ती न दाबता माउंटिंगच्या मधोमध असलेला, दांड्यावरचा मोठा नट सोडला तर माउंटिंग गोळीसारखं उडतं. ‘हेवी ड्यूटी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त जोड्यांमध्ये हूक घडीव नसतो, पट्टी कापून वेल्ड केलेला असतो आणि वेल्डवर जाड काळा रंग असतो. हुकाचं तोंड उथळ असतं, तारेला निम्म्याहून कमी धरतं. निसटू नये म्हणून लागणारी पिन नसते. दांडा मऊ लोखंडाचा, त्यामुळे भार आल्यावर आटे सोलले जातात आणि नट मध्येच अडकतो: पुढेही जात नाही, मागेही येत नाही, आणि स्प्रिंग तुमच्या मांडीशी दाबलेली. घडीव हूक, प्रत्येक हुकाला पिन किंवा कुलुपी कडी, दांड्यावर भारक्षमता कोरलेली, एवढं नसेल तर घेऊ नका. घेतलं तरी आधी रिकामंच नट या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहा आणि आट्यांना ग्रीस लावा. दोरी, साखळी किंवा तार गुंडाळून स्प्रिंग दाबून धरणारे कारागीर अजून भेटतात. त्यांच्या समोरही उभं राहू नका.

काम करताना गाडी सपाट सिमेंटवर, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करा. जॅकने उचला, पण भार जॅक स्टँडवर द्या, विटांवर किंवा सुट्या चाकावर नाही. ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर शॉकअपच्या क्लिपमधून मोकळी करा. लिंक रॉडचा (शॉकअपला अँटी-रोल बारशी जोडणाऱ्या दांडीचा) नट सोडताना आतली पिन ॲलन कीने धरा, नाहीतर ती गरगर फिरत राहते. नकलचे (चाक ज्यावर बसतं त्या भागाचे) दोन बोल्ट सोडण्याआधी शॉकअपच्या पट्टीवर त्यांच्या डोक्याभोवती खूण करा, त्यावर कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, ठरतो. बोल्ट काढताना नट टोकावर दोन-चार आट्यांवर ठेवून हातोडा मारा, आटे खराब होत नाहीत. नकल बाहेर झुकू देऊ नका, तारेने बांधून ठेवा. नाहीतर ड्राइव्ह शाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट निसटतो आणि ब्रेकच्या नळीवर ओढ येते. वरचे बाहेरचे नट शेवटी, एका हाताने शॉकअप धरून काढा. मधल्या मोठ्या नटाला या टप्प्यावर हात लावायचा नाही.

शॉकअप व्हाइसमध्ये खालच्या पट्टीला धरून बसवा. दोन कॉम्प्रेसर एकमेकांच्या बरोबर समोर लावा आणि जितके जास्त वेढे कवेत येतील तितके घ्या. पिना घाला. मग एक बाजू दोन-तीन फेरे, दुसरी दोन-तीन फेरे, असं आलटून-पालटून हाताच्या पान्याने आवळा. इम्पॅक्ट गन (हवेवर किंवा विजेवर चालणारा पाना) अजिबात नको, ती आटे तापवते आणि एक बाजू पुढे पळते. स्प्रिंग वाकडी व्हायला लागली तर लगेच थांबा, उलटे फेरे देऊन हूक पुन्हा लावा. स्प्रिंग वाटीत सैल होऊन हाताने फिरायला लागली की पुरे, त्यापुढे आवळू नका. आता मधला नट, दांडा ॲलन कीने धरून. दांड्याला पकड लावली तर ओरखडा पडतो आणि नवं सील महिन्याभरात गळायला लागतं. या सगळ्यात तोंड कधीही दांड्याच्या रेषेत नको, आणि मुलं आसपास नकोत.

दाबलेली जुनी स्प्रिंग तशीच ठेवून चहाला जाऊ नका. कॉम्प्रेसर तसेच आलटून-पालटून ढिले करा, मग नवी दाबा. नव्या स्प्रिंगचं टोक खालच्या वाटीतल्या पायरीला टेकलं पाहिजे. ते सुटलं की पहिल्याच खड्ड्याला स्प्रिंग फिरून बसते आणि मालकाला वाटतं, मालच खराब. बंप स्टॉपर (दांड्यावरचा धक्का अडवणारा ठोकळा) फुटलेला किंवा बेअरिंग खरखरत असेल तर ते याच वेळी बदला. मधला नट नवाच घाला. आवळायचा टॉर्क त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या. नंतर अलाइनमेंट करून आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही प्रिंट मागा.

मागची बाजू बहुतेक हॅचबॅकमध्ये सोपी असते. तिथे ट्विस्ट बीमवर (मागची दोन्ही चाकं जोडणाऱ्या आडव्या तुळईवर) स्प्रिंग आणि शॉकअप वेगळे असतात. बीमखाली जॅक देऊन दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढायचे आणि ब्रेकच्या नळ्यांवर लक्ष ठेवत जॅक हळू उतरवायचा, की स्प्रिंग हाताने निघते. कॉम्प्रेसर सहसा लागतच नाही. म्हणून मागच्या स्प्रिंगसाठी ‘कॉम्प्रेसर मजुरी’ वेगळी लावली असेल तर ती का, हे विचारा. शॉकअपचा खालचा बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी चाकांवर उभी राहिल्यावर, नाहीतर त्यातला रबरी बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

फसगत झालीच असेल तर रागात ती स्प्रिंग भंगारात देऊ नका. रंग खरवडलेली जागा, तुटलेलं तोंड, बफर यांचे मापपट्टीसह फोटो आणि दुसऱ्या कार्यशाळेची लेखी नोंद हाच पुरावा. पक्कं जीएसटी बिल नसेल तर प्रकरण लंगडं पडतं, म्हणून ‘कच्च्या बिलात स्वस्त’ नाकारा. शॉकअपवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्के झाला आहे, तोही बिलावर बघून घ्या. आधी लेखी नोटीस, मग 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. त्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातही ती दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची आहे.